तोंड फिरवणारा कॅमेरा

पाळणाघरासाठी कॅमेरा आणायला मावशी निघाल्या तेव्हा सोबत मला घेऊन गेल्या, हीच त्यांची पहिली चूक. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो आणि दुकानदारांशी माझं जन्मात पटलेलं नाही. पण त्यांना तरी दुसरं कोण होतं? मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, कपडे शिवते. माझा मुलगा पालथाही पडत नव्हता तेव्हापासून शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडेच वाढला, कारण तेव्हा मी कपड्यांच्या कारखान्यात कामाला जायचे. आता त्याला मिशा फुटल्यात आणि तो मला अक्कल शिकवतो. त्याच्यामुळे मीही त्यांना मावशीच म्हणते. त्या मला नुसतं "अगं" म्हणतात.

मावशी म्हणजे बुटक्या, रुंद, खांद्यावर कायम एक ओला रुमाल. गुडघे कुरकुरतात, तरी दिवसभर बसणं जमिनीवर. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत पोरं, मागच्या खोलीत चूल आणि त्यांचा पलंग. आत भाजी चिरता चिरता बाहेरचं रडणं ऐकून सांगतात, हे भुकेचं, हे झोपेचं, आणि हे निव्वळ नाटक. चुकलेल्या मी पाहिल्या नाहीत. पालकांशी मात्र बोलणं मोजकं. कुणी म्हणतं साखर देऊ नका, कुणी म्हणतं त्याच्याशी इंग्रजीत बोला, कुणी म्हणतं झोपताना सतार लावा. सगळ्यांना उत्तर एकच, "बघू." आणि मग करायचं ते स्वतःच्याच मनाचं.

तर या शांत घरात पाचर मारली ती गब्बूच्या आईनं. ती बँकेत अधिकारी. तोंडावर मी तिला मॅडम म्हणते, मनात बँकवाली. बाई वाईट नाही, पण हिशोबाची सवय घरीही सुटत नाही. आणि तिचा गब्बू म्हणजे बसवला की बसलेला. वर्ष उलटून गेलं तरी पठ्ठ्या पाऊल टाकेना. त्याच्या वयाची जुळी भावंडं कधीच पळायला लागली होती, आणि हा आपला शेटजीसारखा भिंतीला टेकून सगळ्यांचा कारभार बघायचा. डॉक्टर म्हणाले, चालेल, घाई करू नका. पण आईचं काळीज ते. तिच्या डोक्यात भरलं की मावशी त्याला दिवसभर खुर्चीत अडकवून ठेवतात, म्हणून तो चालत नाही.

तिनं ते सरळ म्हटलं नाही. पालकांच्या ग्रुपवर गोड भाषेत लिहिलं, की आजकाल सगळीकडे असतो, तर आपल्याकडेही एक कॅमेरा हवा, आणि कर नाही त्याला डर कशाला. जुळ्यांच्या बापानं लगेच होकाराचा अंगठा टाकला. तो बँकवालीच्या शब्दाबाहेर नाही. आणखी एका मुलीची आई वकील, त्या वकिलीणबाईंनीही री ओढली. कोपऱ्यावर नवीन पाळणाघर निघालं होतं, भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेलं, आणि म्हणे तिथे खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा. म्हणजे गोष्ट साधी होती. मावशींनी नाही म्हटलं तर गब्बू जाणार, त्याच्यामागे जुळी, त्यांच्यामागे वकिलीणबाईंची मुलगी, आणि पाळणाघराला कुलूप. लेक लांब सासरी, मावशींना इथे त्या पोरांशिवाय दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या खोलीत नुसत्या फेऱ्या मारत असतात, ते मला वर ऐकू येतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खाली जाऊन बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशींनी ऐकून घेतलं, रुमाल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या की आणू कॅमेरा, फक्त तो मी निवडणार.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला होता. त्यानं आधी एक कॅमेरा काढला तो जागचा न हलणारा. मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की हा मठ्ठ आहे, पोरं काय एका जागी बसतात? मग त्यानं दुसरा काढला. पांढरा, गोल डोक्याचा, मान उजवी-डावीकडे फिरवणारा. मावशींना तो वरखालीही बघणारा हवा होता, कारण कपाटावर ठेवायचा आणि बघायची जमीन. उभ्या माणसांशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. शेवटी तिसरा आला, सगळीकडे मान वळवणारा आणि शिवाय हलणाऱ्या माणसाच्या मागे आपोआप डोकं फिरवणारा. दुकानदारानं खोलीभर चालून दाखवलं आणि कॅमेरा लग्नात नवरीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला.

"चालणाऱ्याचं सोडा," मावशी म्हणाल्या. "रांगणारं दिसतं का ते बघू. अगं, जरा रांग."

मी इकडेतिकडे बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. पण मावशींनी सांगितलं की ऐकायचं, ही आमच्या घरातली सवय. पदर खोचला आणि पंख्यांच्या खोक्यांमधून रांगत गेले. मिक्सर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी मला वाट करून दिली. कॅमेऱ्यानं मला नेमकं टिपलं, आणि मोबाइलवर मी मागून कशी दिसते हे मला या वयात कळलं, जे कळलं नसतं तरी चाललं असतं.

मावशींनी पुढे कानच लावला, की मान फिरवताना कुरकुर होते का, कारण दुपारी पोरं झोपतात. लुकलुकणारा दिवा नको, पोरं बोट घालतात. वायर मागून गेली पाहिजे. दुकानदार म्हणाला की यात कार्ड घाला, म्हणजे सगळं साठून राहतं. त्यावर मावशी म्हणाल्या की लक्षात ठेवायला मी आहे, कार्ड नको. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी त्या खरं तर आल्या होत्या. हा तोंड फिरवतो का?

दुकानदाराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा सांगितलं की मावशी, हा सगळीकडे बघतो. मावशी म्हणाल्या, ते समजलं, पण बघू नको म्हटलं तर ऐकतो का? त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आमच्याकडे नीट बघून घेतलं. इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण न बघणारा कॅमेरा मागायला कुणी आलं नव्हतं, असं म्हणाला. मग मोबाइलवर एक बटण दाखवलं. ते दाबलं की कॅमेऱ्याचा डोळा वर सरकून टोपणाखाली गडप. मावशींनी ते पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. म्हणाल्या, हाच द्या.

घरी येताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माणूस कितीही जवळचा असला तरी विचारायची वेळ आली की विचारावं. मी रस्त्यात थांबले आणि म्हटलं की मावशी, लपवायचं काय आहे तुम्हाला?

त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, पोरं पहिलं पाऊल बहुतेक इथेच टाकतात, दिवसभर इथेच तर असतात. पहिला शब्दही इथेच. पण मी आजवर एकाही आईला ते सांगितलं नाही. संध्याकाळी नेताना म्हणते, आज पाय शिवशिवतायत त्याचे, घरी जरा जमिनीवर सोडून बघा. दोन दिवसांनी आई धावत येते, मावशी, चालला, माझ्याकडे आला. मी म्हणते, खरंच? कसा? सांगा बघू.

मी म्हटलं की हा तर शुद्ध खोटेपणा झाला.

"खोटं कुठे बोलते? विचारलं तर सांगेन. कुणी विचारतच नाही."

मग त्यांनी सांगितलं की त्या तरुणपणी गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला जायच्या, आणि लेक सासूकडे असायची. एकदा संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर सासू हसत म्हणाली, अगं, आज चालली बरं का तुझी, सगळ्या गल्लीनं पाहिली. सासूच्या मनात काही वाईट नव्हतं. मावशीही हसल्या, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या. एवढंच सांगून त्यांनी पिशवी उचलली. मी पिशवीचा दुसरा बंद धरला.

कॅमेरा कपाटावर बसला, मावशींच्या खांद्याइतक्या उंचीवर. पोरांनी त्याचं नाव ठेवलं टकलू. पहिल्याच दिवशी त्याला बिस्किट दाखवण्यात आलं. पण खरी मजा पालकांनी आणली. तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता आणि त्याची मान सगळ्यांच्या हातात. बँकवाली त्याला गब्बूकडे वळवायची, जुळ्यांचा बाप जुळ्यांकडे. त्यात जुळी कधी एका जागी नसायची. वकिलीणबाई कोर्टात बसून आपल्या मुलीचा शोध घ्यायच्या. टकलू बिचारा तीन सासवांच्या सुनेसारखा गरगर फिरत राहायचा. ग्रुपवर भांडणं सुरू झाली, की तुमच्याच मुलांकडे किती वेळ बघायचं. वकिलीणबाईंनी तर मान वळवण्याच्या वेळा ठरवून द्या असंही लिहिलं.

त्यात कॅमेऱ्यातून बोलताही येत होतं. एक दिवस जेवणाच्या वेळी कपाटावरून आवाज आला, "पिल्लू, आ कर बघू." जुळ्यांच्या बापाचा आवाज. पण बाप कुठेच नाही. जुळ्यांनी दारात बघितलं, पलंगाखाली बघितलं, मग दोघांनी मिळून जे भोकाड पसरलं, त्याला बाकीच्यांनी साथ दिली. मावशींनी टकलूच्या तोंडावर ओला रुमाल टाकला आणि त्या दिवसापासून आवाज बंद झाला. बापानं नंतर माफी मागितली, पण एकूण कॅमेरा उत्तम आहे असं त्याचं मत पडलं.

मधल्या काळात दोनदा मावशींनी बटण दाबून टकलूचा डोळा मिटवला. एकदा वकिलीणबाईंची मुलगी पहिल्यांदा नीट "आई" म्हणाली तेव्हा. आवाज जात नव्हता, तरी ओठ दिसतील म्हणे. दोन्ही वेळा बँकवालीनं विचारलं की कॅमेरा का बंद होता. मावशी म्हणाल्या, "बघते." मला पुढचं संकट दिसत होतं. मी म्हटलं, तो गब्बू कधीतरी उठेलच, तेव्हा काय कराल? त्याच्या आईचा डोळा तर मोबाइलला चिकटलेला. मावशी म्हणाल्या, बटण आहे ना.

आणि ज्या दिवशी बटण लागलं त्या दिवशी मावशींचा मोबाइल होता मागच्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर. मी गाद्यांचे अभ्रे शिवून खाली आणले होते. मावशी जमिनीवर बसून एका मुलीचे कपडे बदलत होत्या. गब्बू कपाटाची कडी धरून उभा होता, तेवढं तो करायचा. इतक्यात कुणीतरी आपल्या पोरासाठी टकलूची मान वळवली. गब्बूनं मान वर केली, टकलूकडे बघून हसला, धपकन खाली बसला आणि बसल्या बसल्या मागे सरकत खोलीच्या मधोमध आला. मग उठला, कशालाही न धरता, आणि हात पुढे करून टकलूकडे चालायला लागला. झुलत, डुलत, पण चालायला लागला. माझ्या हातातले अभ्रे खाली पडले.

कॅमेरा घेताना आम्ही हौसेनं हलणाऱ्याच्या मागे डोकं फिरवणारा घेतला होता. टकलूनं इमानदारीनं आपलं डोकं गब्बूकडे वळवायला घेतलं. मावशींना एवढ्या चपळाईनं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. गुडघे कडाडले, पण त्या कपाटापाशी पोचल्या आणि टकलूचं मुंडकं हातानं भिंतीकडे फिरवलं. ते कुरकुरत परत वळलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, ते पुन्हा वळलं. शेवटी हातातला त्या मुलीचा फ्रॉक त्याच्या डोक्यावरून घातला. गब्बू तोवर कपाटाला येऊन पोचला होता आणि टाळ्या वाजवत होता. मी त्याला उचलून त्याचे इतके मुके घेतले की तो वैतागला.

बँकेत बसून बँकवालीनं काय बघितलं असेल ते तुम्हीच ठरवा. आधी मावशींचा प्रचंड मोठा चेहरा, डोळे वटारलेले. मग भिंत, पुन्हा चेहरा, पुन्हा भिंत. मग फुलाफुलांचा अंधार.

ती हातातलं काम टाकून आली. दारात चपलाही काढल्या नाहीत. गब्बू तेव्हा मावशींच्या मांडीवर बसून केळं खात होता, अगदी शेटजीसारखा. तिनं त्याला उचललं, हातपाय तपासले, डोकं तपासलं, आणि मग विचारलं की इथे काय चाललं होतं. मावशी म्हणाल्या, धूळ पुसत होते. ती म्हणाली, फ्रॉकनं? मावशींना गप्प राहता उत्तम येतं, पण थाप मारता येत नाही. त्या लाल झाल्या. बँकवालीनं कार्ड मागितलं. कार्ड नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला, की तिचा संशय आता कुणी काढू शकणार नाही हे मला समजलं.

एक वाक्य पुरेसं होतं. बाई, तुमचा मुलगा चालला. एवढं म्हटलं असतं तर बँकवालीनं मावशींना मिठी मारली असती आणि पाळणाघर पुढची वीस वर्षं चाललं असतं. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, पोर तोंडात बटण घालायला निघालं की बघतात तशा. मी ते वाक्य गिळलं. आयुष्यात इतकं कडू काही गिळलं नाही.

"उद्यापासून तो येणार नाही," बँकवाली म्हणाली. तिनं गब्बूला छातीशी घट्ट धरलं होतं. चिडलेली होती, पण त्याहून जास्त घाबरलेली होती. मला तिचाही राग येईना, याचाच मला राग आला.

मावशींनी गब्बूची पिशवी भरली. बाटली, टोपी, जादा कपडे, सगळं घडी घालून. पिशवी हातात देताना म्हणाल्या, "घरी गेल्यावर त्याचे बूट काढा. जमिनीवर सोडा. आणि तुम्ही समोर बसा, थोडं लांब. घाई करू नका."

बँकवालीनं पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली. ती गेल्यावर मी मावशींना नको नको ते बोलले. म्हटलं, हे औदार्य नाही, हा वेडेपणा आहे, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. उद्या जुळी जातील, परवा वकिलीणबाईंची मुलगी, मग बसा टकलूशी गप्पा मारत. त्या खाली पडलेले माझे अभ्रे गाद्यांना घालत होत्या. शेवटचा अभ्रा घालून झाला. मग म्हणाल्या, "भीती मलाही वाटते गं." बस, एवढंच. संध्याकाळी जुळ्यांच्या बापानं ग्रुपवर लिहिलं की आम्हीही विचार करतोय, आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खालीच जाऊन बसले. कुणी काही बोललं तर दोन शब्द सुनवायला हवेत म्हणून. पोरं एकेक करून आली. मग दार ढकलून बँकवाली आत आली, कडेवर गब्बू, हातात मोबाइल, केस विंचरलेले नाहीत. मी बाह्या सरसावल्या.

"मावशी," ती म्हणाली, "चालला. काल. माझ्याकडे आला."

तिनं मोबाइल मावशींच्या नाकासमोर धरला. त्यात गब्बू उघड्या पायांनी त्यांच्या घरातल्या जमिनीवर झुलत येत होता आणि मागून तिचा हसण्यारडण्याचा आवाज येत होता. ती सांगत सुटली. काल रागानं घरी गेले म्हणून समोर बसले होते, नाहीतर तेव्हा मी बँकेत असते आणि माझं चुकलंच असतं. आयुष्यभर हळहळले असते. रात्रभर झोपले नाही. कालचं बोलणं तुम्ही मनावर घेऊ नका, आणि त्या कॅमेऱ्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा. एवढं बोलून तिनं गब्बूला खाली सोडलं.

मावशींनी दोन्ही हात तोंडावर नेले. डोळे हे एवढे झाले. म्हणाल्या, "खरंच? कसा चालला? आधी कुठलं पाऊल टाकलं? सांगा बघू." आणि बँकवालीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मावशी मान डोलावत राहिल्या, मध्येच हसल्या, मध्येच पदरानं डोळे टिपले. मी समोर बसून तो चेहरा बघत होते. त्यात खोटं कुठेच सापडत नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून शोधत होते तरी सापडत नव्हतं.

आणि बघता बघता मला आठवलं. तो चेहरा मी आधी पाहिला होता. तोंडावरचे ते दोन हात, ते डोळे, ते सांगा बघू. कारखान्याला दांडी मारून याच खोलीत मी धावत आले होते आणि मावशींनी माझं सगळं असंच ऐकून घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत. ते मी किती जणांना सांगितलं असेल. मुलाच्या मित्रांना सांगते, तो लाजून निघून जातो तरी सांगते.

बँकवाली गेली. मावशी पोरांचं दूध गाळायला मागच्या खोलीत गेल्या, मी त्यांच्या मागोमाग गेले.

"मावशी," मी म्हटलं, "माझा कुठे चालला होता? पहिल्यांदा?"

त्यांनी गाळणी धुतली, पुन्हा धुतली.

"तुझा ना? तुझ्या स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या. "तूच तर धावत येऊन सांगितलंस."

मी हो म्हटलं. मीच सांगितलं होतं. मग मी दुधाचे पेले उचलले आणि पोरांकडे घेऊन गेले.